ग्राफिक कार्डाचा मान

शिरवण्यातल्या गोवर्धनच्या घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा पहिली चूक त्याच्या लेकीकडून, म्हणजे मनस्वीकडूनच झाली. तिने तो विषय जेवताना, सगळ्यांच्या देखत काढला. एकट्या बापाला गाठलं असतं तर दुसऱ्या दिवशी वाशीला जाऊन मुकाट्याने सगळं घेऊन येता आलं असतं. पण त्या दिवशी पुतळाआत्या उलव्याहून आली होती आणि सुरमईचा तुकडा सोडवत सगळं ऐकत होती. आत्याच्या कानावर गेलेली गोष्ट मग गोवर्धनच्या एकट्याच्या हातात राहत नसे.

आत्याने विचारलं, “पार्ट कनाला घ्यायचे? तयार नाय का भेटत?”

मनस्वीने समजावून सांगितलं. गेम खेळायचा कॉम्प्युटर तयार घेतला तर दुकानदार नको ते गळ्यात मारतो. त्यापेक्षा एकेक भाग आपण निवडायचा आणि जुळवून घ्यायचा. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, सगळं तिला तोंडपाठ होतं. गेलं वर्षभर दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतंच. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की मग नामातात्याला सांगायला पाहिजे. गोवर्धन लगेच हो म्हणाला. तो कशालाही लगेच हो म्हणायचा.

मनस्वी नेरुळच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि पाचजणांनी पाचजणांवर गोळ्या झाडायच्या एका खेळात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. आजवर ती स्टेशनजवळच्या गेमिंग पार्लरमध्ये, तोंडाने घाण शिव्या देणाऱ्या पोरांच्या घोळक्यात बसून खेळली होती. तिथला तिचा खेळ बंगळुरूच्या एका मुलींच्या टीमने बघितला आणि तिला चाचणीला बोलावलं. काही दिवस त्यांच्याबरोबर ऑनलाइन सराव करायचा, शेवटी एक सामना खेळायचा आणि मग निकाल. निवड झाली तर बंगळुरूला टीमच्या घरात राहायचं, पगार घ्यायचा आणि खेळायचं. अट एकच होती. मशीन स्वतःचं, घरातलं हवं. पार्लरमध्ये खेळलेलं धरत नसत.

तिला खेळायचं होतं हे खरं, पण त्याहून जास्त तिला या गल्लीतून सुटायचं होतं. या माणसांचा तिला उबग आला होता, आणि तो येण्यासारखीच ती माणसं होती. नामातात्या घरातले थोरले. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्याच्या प्लॉटवर त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तेव्हापासून त्यांना स्वतःचा फोटो बघण्याचं व्यसन लागलं. जत्रा असो, दहीहंडी असो की कुणाच्या नातवाचा पहिला वाढदिवस, नाक्यावरच्या बॅनरवर तात्या हात जोडून उभे असायचेच. मधले पंढरीकाका. तात्यांपेक्षा आपलं काही कमी तर पडत नाही ना, हे बघण्यात त्यांचा जन्म चालला होता. तात्यांचा मुलगा विपुल हा घरातला कॉम्प्युटरचा जाणकार मानला जाई, कारण एकदा त्याने आपल्या जीपमध्ये छाती हादरेल असे स्पीकर बसवून घेतले होते. आणि सगळ्यांत धाकटा गोवर्धन, तिचा बाप, रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा. भावांनी बस म्हटलं की बसणारा आणि ऊठ म्हटलं की उठणारा. बाकीच्यांची तिला कीव यायची, बापाची मात्र चीड यायची.

तर तात्यांना सांगितलं गेलं आणि व्हायचं तेच झालं. या घराची एक रीत होती. मोठी वस्तू घ्यायची तर अख्खी भाऊकी बरोबर जाणार आणि प्रत्येकजण त्यातलं काहीतरी आपल्यातर्फे देणार. गोवर्धनने घर बांधलं तेव्हा पुढचा दरवाजा तात्यांचा, देव्हारा आत्याचा आणि हॉलमधलं झुंबर पंढरीकाकांचं होतं. घरी येणाऱ्या पाहुण्याला पाण्याच्या आधी ही माहिती मिळायची. आता कॉम्प्युटरचाही मान वाटून दिला जाणार होता. मनस्वीने आईकडे बघून कपाळावर हात मारला. आई, जमुना, भाकऱ्या थापत राहिली.

वाशीच्या दुकानात दोन गाड्या भरून मंडळी उतरली. दुकानदार मितेश आधी पोलीस आल्यासारखा दचकला. मग गळ्यातल्या साखळ्या बघून त्याने सगळ्यांसाठी कोल्ड्रिंक मागवलं. तात्या रांगेत मांडलेल्या कॅबिनेटवर बोटांनी टकटक करत फिरले, कलिंगड निवडावं तसे. पंढरीकाका त्यांच्या मागून फिरून त्याच कॅबिनेटवर टकटक करत होते. विपुलने एका पंख्याकडे बोट दाखवून हा किती सीसीचा असं विचारलं आणि मितेशने धंद्याची आठवण ठेवून हसू गिळलं. गोवर्धन दाराशी सगळ्यांच्या चपला नीट लावत होता. त्या दुकानात चपला काढायची पद्धतच नव्हती, पण तात्यांनी काढल्या म्हणून सगळ्यांनी काढल्या होत्या.

मनस्वीने तोंड वाकडं करून बराच वेळ हा तमाशा बघितला. आणि मग तिच्या लक्षात आलं, की ही माणसं मूर्ख आहेत तर त्यांच्या मूर्खपणाचा आपल्याला उपयोग का करून घेऊ नये? तिने मनात धरलेलं ग्राफिक कार्ड बेताचं होतं. तिच्या खेळाला पुरेल एवढं आणि बापाच्या ऐपतीत बसेल असं. पण वरच्या फळीवर एक भलंमोठं कार्ड होतं, जे तिच्यासारख्या खेळाडूंनी नुसतं काचेतून बघायचं असतं. ती मितेशजवळ गेली आणि तात्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, की ते वरचं नका दाखवू, ते सानपाड्याच्या बिल्डरच्या मुलाने घेतलंय म्हणे, आमच्या घराला ते झेपायचं नाही.

तात्यांनी मान वळवली. “काय झेपायचं नाय?”

“काही नाही तात्या. ते सगळ्यांत महागाचं आहे. आपल्याला साधं चालेल.”

“ह्याच्यान सगल्यांत म्हाग ह्योच पार्ट अस्तंय का?” तात्यांनी मितेशला विचारलं. मितेशने होकार दिला. हा भाग म्हणजे मशीनचा जीवच, असंही वर म्हणाला. “मंग त्यो माजा,” तात्या म्हणाले आणि फळीवरून कार्ड खाली आलं.

इतकं सोपं होतं ते. लहान पोराला चॉकलेट दाखवावं आणि त्याने हात पुढे करावा. मनस्वीला हसू दाबताना खोकला आला. मग पंढरीकाकांची पाळी आली. मितेशने त्यांच्या तळहातावर प्रोसेसर ठेवला. काकांनी त्या बिस्किटाएवढ्या तुकड्याकडे आणि मग तात्यांच्या हातातल्या धुडाकडे बघितलं. हा कुठे बसतो, अशी त्यांनी चौकशी केली. बोर्डावर बसतो आणि त्याच्यावर पंखा बसतो, म्हणजे नंतर तो दिसत नाही, हे कळल्यावर त्यांनी तो इंगळासारखा परत केला. न दिसणाऱ्या वस्तूचा मान घेऊन करायचं काय? त्यांनी तिन्ही बाजूंनी काच असलेलं, रंगीबेरंगी पंख्यांनी खच्चून भरलेलं कॅबिनेट घेतलं. आत्याने रॅमच्या दोन पट्ट्या घेतल्या, कारण त्या जोडीने होत्या आणि त्यांतून उजेड पडायचा. उरलं ते, म्हणजे ज्याच्यावर कॉम्प्युटर खरा चालतो ते सगळं, गोवर्धनच्या वाट्याला आलं.

मितेश म्हणाला, एवढं जड कार्ड लावताय तर बोर्ड जरा भारी घ्या, खाचेला लोखंडी पट्टी असलेला घ्या. गोवर्धनने लेकीकडे बघितलं. मनस्वी कार्डाच्या नशेत होती. साधा छोटा बोर्ड चालेल, असं तिने सांगून टाकलं आणि घरच्यांची नक्कल करत वर म्हणाली, “बोर्ड कुणाला दिसतोय?” मितेश हसला. त्या बोर्डाला कार्डासाठी एकच खाच होती आणि तिला एकच पुरेशी होती.

कॉम्प्युटर मनस्वीच्या खोलीत जाणार नव्हता, हे तर ओघानेच आलं. देणाऱ्यांचा मान खोलीत कोंडून कसा चालेल? तो हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, सोफ्यावरून दिसेल असा मांडला गेला. त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. वर विपुलने काचेवर लावायला सोनेरी अक्षरांचे स्टिकर छापून आणले. ग्राफिक कार्ड, सौजन्य नामातात्या. कॅबिनेट, सौजन्य पंढरीशेठ. रॅम, सौजन्य सौ. पुतळाताई, उलवे. बस स्टॉपच्या बाकावर असतात तसे. गोवर्धनच्या नावाचा स्टिकर नव्हता. त्याने जे दिलं होतं ते दिसतच नव्हतं. तो आपला प्रत्येक पाहुण्याला काच दाखवून भावांची नावं वाचून दाखवत होता.

मशीन मात्र अप्रतिम चालायचं. पडद्यावरचं चित्र इतकं सलग सरकायचं, की पार्लरमध्ये आपण आंधळ्यासारखे खेळत होतो हे मनस्वीला तेव्हा कळलं. शत्रू भिंतीआडून अर्धा खांदा बाहेर काढायचा आणि तोवर तिची गोळी सुटलेली असायची. बंगळुरूच्या मुली चकित झाल्या. टीमची कॅप्टन अमिता फार बोलणारी नव्हती, पण तिनेही दोनदा शाबासकी दिली. सरावाच्या मधल्या वेळात मुली गप्पा मारायच्या, तेव्हा मनस्वी त्यांना आपल्या घरच्यांचे किस्से सांगायची. चपला काढल्याचा, बिस्किटाएवढ्या प्रोसेसरचा, सौजन्याच्या स्टिकरांचा. कॅमेरा वळवून तिने ते स्टिकर दाखवलेसुद्धा. मुली हसून लोळायच्या. पाठीमागे सोफ्यावर गोवर्धन बसलेला असायचा, आणि पोरगी इतक्या लांबच्या मुलींशी फटाफट हिंदी-इंग्रजीत बोलते म्हणून खूश होऊन तोही हसायचा. तो हसला की मनस्वीला आणखीच राग यायचा.

शेवटचा सामना रविवारी संध्याकाळी ठरला. आणि सोमवारी गावदेवीची जत्रा होती.

जत्रेचं बॅनर करायचं काम मनस्वीच्या गळ्यात पडलं. घरात एवढा मोठा कॉम्प्युटर आहे म्हटल्यावर पैसे देऊन बाहेरून कशाला करायचं, असं विपुलचं म्हणणं पडलं. फोटो त्याने मोबाइलवर पाठवून दिले. सरावाला बसायची वेळ झाली होती आणि अमिताला उशीर खपत नसे. कोणाचा फोटो कोणाच्या वर, कोणाचा केवढा, यात गावातली माणसं किती जीव टांगतात, हे मनस्वीला पक्कं माहीत होतं. जन्मापासून ती तेच बघत आली होती. तिने सगळ्यांचे फोटो एकाच मापाचे कापले आणि एका ओळीत मांडले. पंढरीकाका, पप्पा, तात्या, आत्याचे यजमान, विपुल, सगळे सारखे. घाई हे एक निमित्त होतं. खरं तर तिला तसंच करायचं होतं. करताना तिला बरं वाटलं, आणि बॅनर पाठवून देऊन ती खेळायला बसली.

शनिवारी सकाळी बॅनर नाक्यावर लागलं. पंढरीकाकांनी त्याच्यासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. थोरल्या भावाच्या बरोबरीने ते पहिल्यांदाच झळकत होते. दुपारी तात्या विपुलला घेऊन घरात शिरले. ते ओरडले नाहीत. सोफ्यावर बसले, पाणी नको म्हणाले. मशीनचा जीव कोणी दिला आणि बॅनरवर त्याला ओळीत कोणाकोणाच्या मध्ये उभा केला, एवढंच त्यांनी गोवर्धनला विचारलं. गोवर्धन उभ्या उभ्या चुळबुळला. पोरीला समजलं नाही, म्हणाला, आत्ता दुसरं करून लावतो.

“समजलं होतं,” मनस्वी म्हणाली. “सगळ्यांचा फोटो सारखा लावला तर बिघडलं काय? तुमच्याकडे फोटोशिवाय दुसरं आहे काय, तात्या?”

आईच्या हातातला पेला खाली आला. तात्या उठले आणि त्यांनी विपुलला नुसती मान हलवून खूण केली. विपुलने काच काढली आणि कार्डाला हात घातला. बाहेरचे स्क्रू त्याने काढले, पण खाचेच्या टोकाला एक कळ असते आणि ती आधी दाबायची असते, हे त्या जाणकाराला ठाऊक नव्हतं. कार्ड निघेना. मग त्याने दोन्ही हातांनी धरून जोर लावला. मनस्वी तिकडे बघतसुद्धा नव्हती. ती बापाकडे बघत होती. आता तरी हा काहीतरी बोलेल असं तिला वाटत होतं. गोवर्धन विपुलला वाट मिळावी म्हणून खुर्ची बाजूला सरकवत होता.

ते कार्ड घेऊन गेल्यावर तिने मनात साठलेलं सगळं ओकून टाकलं. तुम्हाला कधी कोणासमोर तोंड उघडता आलं नाही, म्हणाली. भावांनी डोक्यावर मिरे वाटले तरी तुम्ही खाली वाकून डोकं पुढे कराल. तुमच्यासारखं होऊ नये म्हणून तर मला इथून जायचंय. गोवर्धनने सगळं ऐकून घेतलं. आई म्हणाली, तात्यांच्या पाया पड, कार्ड परत मिळेल, वाकल्याने कोणी लहान होत नाही. मनस्वी म्हणाली, मेले तरी पडणार नाही. रात्री ती जेवली नाही.

रविवारी जेवणं झाली तशी गोवर्धनने चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. ऊन कलल्यावर परत आला तो काखेत टॉवेलची गुंडाळी घेऊन. त्याने ती टेबलावर ठेवली आणि उलगडली. आत कार्ड होतं.

“लाव,” तो म्हणाला. “तात्यानी दिला.”

“असं कसं दिलं?”

“मागितला, दिला.” एवढं बोलून तो देवळात पालखीची तयारी बघायला निघून गेला.

असं मागून तात्या काही देणाऱ्यांतले नव्हते. मनस्वी आईच्या मागे लागली आणि आईने शेवटी सांगितलं. गावदेवीच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा गोवर्धनचा होता. तो घरातल्या थोरल्याला मिळायचा, पण मनस्वीच्या आजोबांनी जाताना तो धाकट्याला दिला होता. शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं हातांनी करणारा तोच एक होता. त्याला सगळा गाव साक्षी होता. वर्षाकाठी त्या एका दिवशी गोवर्धन तात्यांच्या पुढे चालायचा. तात्यांनी तो खांदा विपुलसाठी किती वेळा मागितला होता. जमीन वाटताना मागितला, घर बांधताना मागितला. प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारा हा माणूस त्या एका गोष्टीला नाही म्हणत आला होता. आज आपण होऊन गेला, बॅनर आपल्याच सांगण्यावरून तसं केलं असं खोटं बोलला, थोरल्या भावाच्या पायावर डोकं ठेवलं आणि खांदा देऊन आला.

“माजं लग्न झाल्यापासून बघतंय,” आई म्हणाली, “त्या दिवशी त्यांचं तोंड येगलंच अस्तं.”

मनस्वीला आपली लाज वाटली. इतकी, की आईसमोर उभं राहवेना. ती हॉलमध्ये आली, काच काढली आणि कार्ड हातात घेऊन वाकली. तेव्हा तिला खाच दिसली. एका टोकाने ती बोर्डापासून उपटून वर आली होती. कळ तुटून कॅबिनेटच्या तळाशी पडली होती आणि आतल्या बारीक पितळी दातांतले निम्मे वाकडे झाले होते. तिने तरी कार्ड दाबून बघितलं. मशीन चालू केलं, बंद केलं, दाबून धरून पुन्हा चालू केलं. पडदा काळाच राहिला. त्या छोट्या बोर्डाला दुसरी खाच नव्हती. रविवारी मितेशचं दुकान बंद असे, त्याचा फोन लागेना आणि सामना तासाभरावर आला होता.

विपुलला हाका मारून सगळ्या गल्लीसमोर त्याच्या अकलेचे वाभाडे काढावे, असं तिला वाटलं. तात्यांना आणून ती खाच दाखवावी. कालपर्यंत तिने तेच केलं असतं. पण मग पप्पांनाही ती दाखवावी लागली असती. आयुष्यात एकच गोष्ट स्वतःची म्हणून जपलेला माणूस ती देऊन जे घेऊन आला, त्याचा उपयोग शून्य होता, हे त्याला आज संध्याकाळी कळलं असतं आणि उद्या पालखीच्या मागे चालताना पावलोपावली कळत राहिलं असतं. दिलेला मान परत मागता येत नाही. मागितला असता तरी तात्यांनी दिला नसता.

तिने कार्डाची पट्टी कॅबिनेटच्या मागच्या बाजूला स्क्रूने आवळली. खाचेत न बसताच ते जागच्या जागी लटकून राहिलं. पडद्याची वायर तिने बोर्डाला जोडली. कार्डाविना, नुसत्या प्रोसेसरच्या अंगचं जेवढं चित्र उमटतं, तेवढं उमटलं. काच लावली. पंखे लाल-निळे फिरायला लागले आणि सौजन्याची सोनेरी अक्षरं चमकली. दिसायला कसलीही उणीव नव्हती.

गोवर्धन परत आला तो हात धुऊन सोफ्यावर बसला. “बसला का बराबर?”

“बसलं, पप्पा.”

“काल इपुलनी लय जोर लावला, मना भ्या वाटलं व्हतं.”

“काही झालं नाही,” मनस्वी म्हणाली आणि तिने हेडफोन चढवले.

सामना जेमतेम चालला असं म्हणणंही जास्त होईल. चित्र ठेचकाळत होतं. शत्रू भिंतीआड दिसायचा आणि पुढच्या क्षणी एकदम अंगावर असायचा, मधलं काही दिसायचंच नाही. तिची बोटं बरोबर वेळी बरोबर ते करत होती, पण पडद्यावर ते उशिरा उमटत होतं. पहिल्या डावात ती पहिलीच मेली, दुसऱ्यातही. पुढे पुढे टीममधल्या मुली तिला हाका मारायच्या थांबल्या. तिला धरून डाव आखण्यात अर्थ नाही, हे त्यांना कळलं होतं. मागे गोवर्धन चहाचा कप हातात धरून बसला होता. खेळातलं त्याला कळत नव्हतं, पण पोरगी मरते आहे एवढं कळत होतं.

सामना संपल्यावर अमिताने तिला एकटीला लाइनवर घेतलं. आजचा खेळ तुझा नव्हताच, ती म्हणाली, मला तर मशीनची शंका येतेय. तसं असेल तर नियम आहे. आत्ताच्या आत्ता कॅमेरा वळव, मशीन उघडून बिघाड दाखव, मी लिहून घेते आणि पुढच्या आठवड्यात तुला सामना परत मिळेल. नंतर सांगितलेलं चालत नाही. “बोल, मशीन में कुछ हुआ है क्या?”

मनस्वीने काचेत बघितलं. काचेत सोफा दिसत होता आणि सोफ्यावरचा बाप. तो पुढे सरकून बसला होता. हेडफोनमधलं त्याला ऐकू येत नव्हतं, पण ती बोलेल ते ऐकायला त्याने कपसुद्धा खाली ठेवला होता.

“नहीं,” ती म्हणाली. “मशीन एकदम ठीक है. मुझसे ही नहीं हुआ.”

 अमिता ठीक आहे म्हणाली, शुभेच्छा दिल्या आणि गेली.

सोमवारी पालखी निघाली. पुढच्या उजव्या खांद्याला विपुल होता. दर दहा पावलांना तो खांदा बदलू बघत होता आणि मध्येच मोकळ्या हाताने मोबाइल वर धरून स्वतःला टिपत होता. गोवर्धन मागे, बायामाणसांच्या पुढे, ताशांच्या आवाजात चालला होता. नाक्यावर नवीन बॅनर लागलं होतं. त्यात तात्या अर्ध्याहून जास्त होते. पालखी तिथे विसाव्याला थांबली तेव्हा तात्यांनी मनस्वीला जवळ बोलावलं आणि चार माणसांत निकालाचं विचारलं. ती म्हणाली, नाही झाली निवड.

तात्या आजूबाजूच्या माणसांकडे वळून हसले. “आमी कार्ड एक नंबर दिल्ता. खेलनारीत दम पायजे ना.”

मनस्वीने बापाकडे बघितलं. गोवर्धन पुढे आला. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्याच्या डोळ्यांत तिला आपल्याविषयीची कीव दिसली. पोरीला सगळं मिळवून दिलं तरी तिच्याच्याने झालं नाही, म्हणून वाटणारी.

“कार्डान काय खोट नवती, तात्या,” तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. “पोरच कमी परली.”

“हो तात्या,” मनस्वी म्हणाली. “मीच कमी पडले.”